बुटाची लेस

या फिल्ममध्ये हे जे हात दिसतायत ना, लेस बांधणारे, हे माझ्या ताईचे. साधी गोष्ट, सगळेच रोज करतात. पण चार वर्षांपूर्वी हीच लेस बांधायची म्हणजे ताई आधी खुर्चीवर बसायची, मोठा श्वास घ्यायची, तो तसाच धरून खाली वाकायची, पटकन गाठ मारायची आणि वर आली की चेहरा लालबुंद, मग थोडं थांबून दुसरा पाय. मधे कोणी काही विचारलं तर उत्तर यायचं नाही कारण बोलायला श्वासच नसायचा. पोटावर चरबी जास्त असली की वाकताना ते पोट श्वासपटलाला, म्हणजे फुफ्फुसांखालच्या श्वासाच्या स्नायूला, वर ढकलतं आणि फुफ्फुसांना फुलायला जागा उरत नाही, एवढं साधं कारण. आम्ही घरचे मात्र म्हणायचो, किती आळस करतेस गं. आज ते आठवलं की खूप वाईट वाटतं.

तेव्हा तिचं वजन 94 किलो होतं. बीपीची गोळी चालू, शुगर बॉर्डरलाइनला, गुडघे दुखायचे. डॉक्टर म्हणाले आधी फक्त 5 टक्के उतरवा, म्हणजे जेमतेम पावणेपाच किलो. ताईला पटेना, एवढ्याशाने काय होणार. पण होतं. 5 ते 10 टक्के वजन गेलं तरी बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी, सगळ्यात फरक दिसायला लागतो, बीपीचा वरचा आकडा तर साधारण किलोमागे एकाने खाली येतो. आणि शुगरचं सांगायचं तर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, 2002 साली त्याचे निकाल आले, 3 हजारांवर माणसं, सगळ्यांची शुगर वाढलेली पण डायबेटिस अजून झालेला नाही अशी. त्यातल्या काहींना सांगितलं की 7 टक्के वजन कमी करा आणि आठवड्यातून 150 मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करा, तर त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांमध्ये ते 31 टक्क्यांनी कमी झालं होतं. पण म्हणून कोणी आपली चालू गोळी मनाने बंद करू नका बरं का, ताईची बीपीची गोळी डॉक्टरांनीच अर्धी केली, तीही पुन्हा पुन्हा तपासून.

गुडघ्याचं गणित मला सगळ्यात भारी वाटतं. गुडघे झिजलेल्या वजनदार माणसांवर हे मोजलंय, अंगावरचा एक किलो कमी झाला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. प्रत्येक पावलाला! ताईचे पहिले सहा किलो गेले तेव्हाची गोष्ट, एक दिवस ती जिना उतरून खाली आली आणि तिथेच उभी राहिली, कारण तिच्या लक्षात आलं की आपण कठडा धरलाच नव्हता.

बरं ही चरबी जाते कुठे? मला वाटायचं घामातून जाते नाहीतर जळून उष्णता होते. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशोब छापून आला होता, 10 किलो चरबी संपते तेव्हा त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडातून बाहेर पडते आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे जो श्वास ताईला लेस बांधताना पुरत नव्हता, त्याच श्वासावाटे तिचं वजन गेलं.

घोरणं कमी झालं ते तिला कळलंच नाही, कळलं भाओजींना. तिला कळलं ते एवढंच की दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटत नाहीत आता. घशाभोवतीची चरबी कमी झाली की झोपेत श्वासाची वाट मोकळी राहते, मग झोप खरी लागते, आणि झोप लागली की चिडचिड कमी, घरातले सगळेच जरा निवांत.

ही फिल्म करायला घेतली तेव्हा मी ताईचे जुने फोटो शोधत होतो. सहा-सात वर्षांत तिचा धड एक फोटो सापडला नाही, प्रत्येक कार्यक्रमाचे ढीगभर फोटो आहेत आणि त्यात ती कुठेच नाही. कारण फोटो तीच काढायची, "तुम्ही उभे राहा, मी काढते". आम्हाला वाटायचं हिला आवड आहे फोटोची. एका फोटोत कडेला तिच्या बोटाची सावली आलीय, तेवढीच ती.

आता आत्मविश्वास आलाय का, तर आलाय, पण वजनाच्या मागून आला, बऱ्याच उशिरा. 80 किलोवर येऊनसुद्धा दोन खुर्च्यांमधून जाताना ती तिरकी व्हायची, जागा भरपूर असली तरी. दुकानात हात सवयीने जुन्याच साइजकडे जायचा. शरीर बदललं तरी मनाला आपला जुनाच आकार पाठ असतो. आणि लोकांचं वागणं... ऑफिसमध्ये जे कधी बघायचेही नाहीत ते स्वतःहून गुड मॉर्निंग म्हणायला लागले. ताई म्हणाली, "बरं वाटतं रे, पण रागही येतो, मी तर तीच आहे ना, आधी मी दिसतच नव्हते का यांना?" मला उत्तर देता आलं नाही.

सगळं छानच झालं असंही नाही. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले, वजन भराभर उतरलं की असं होतं, काही महिन्यांत परत येतात. दंडाची कातडी अजून सैल आहे. स्नायूही थोडे जातात, म्हणून आता डंबेल्स आणलेत. पण खरी अवघड गोष्ट म्हणजे भूक. वजन उतरलं की पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन कमी होतं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, 2011 सालच्या, वर्ष उलटून गेलं तरी ही हॉर्मोन्स जागेवर आलेली नव्हती. शरीर गेलेलं वजन परत मागत असतं, रोज. त्यामुळे ज्याचं वजन परत वाढलं त्याला "मनावर ताबा नाही" म्हणणं मला फार क्रूर वाटतं. ताईचेही मागच्या वर्षी तीन किलो परत आले होते, दोन गेले, एक आहे.

आता परत हे हात बघा. सकाळचे सहा वाजलेत, ती चालायला निघालीय, उभ्यानेच पायरीवर पाय टेकवून लेस बांधतेय आणि मला ओरडतेय की कॅमेरा बाजूला घे, उशीर होतोय, काल किती मिनिटं चाललो होतो रे आपण, पाण्याची बाटली घेतलीस का. गाठ मारून झाली तरी तिचं बोलणं मधे कुठे तुटलं नाही.