राहत्या घरात नेटवर्कची केबल टाकताना

श्रोतेहो, नमस्कार.

राहत्या घरात नेटवर्कची केबल टाकायची वेळ आली, की एक सल्ला हमखास मिळतो: विजेच्या तारांसाठी भिंतीत पुरलेला पाइप आहेच, त्यातूनच ही केबलही ओढून घ्या. भिंत फोडावी लागत नाही आणि केबल दिसतही नाही, म्हणून हा सल्ला मोहक वाटतो. पण तो घातक आहे. नेटवर्क केबलचे पातळ आवरण २३० व्होल्टच्या तारांशेजारी राहण्यासाठी बनवलेले नसते. शिवाय ओढताना जुन्या तारांवरचे आवरण घासून सोलले गेले, तर वीज राउटरपर्यंत आणि तिथून हाताळणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकते. मेन स्विच बंद करून केबल ओढली तरी धोका टळत नाही, कारण तो वीज पुन्हा सुरू केल्यावर सुरू होतो.

मग वाट कुठली शोधावी? जुन्या सदनिकांमध्ये टेलिफोनसाठी किंवा केबल टीव्हीसाठी स्वतंत्र पाइप टाकलेला असेल, तर आधी तो तपासावा. त्यातली निरुपयोगी तार हलक्या हाताने ओढून पाहावी. ती सरकत असेल, तर तिच्या टोकाला नवी केबल आणि सोबत एक नायलॉनची दोरी बांधून, जोड चिकटपट्टीने निमुळता गुंडाळावा आणि एकाने एका बाजूने केबल आत सोडत, दुसऱ्याने पलीकडून सावकाश ओढावे. दोरी आतच राहू द्यावी. पुढे दुसरी केबल टाकायची झाल्यास तीच उपयोगी पडते. तार अडली, तर मात्र जोर लावू नये. साधारण ११ किलोंहून अधिक ताण दिला, तर आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ बिघडतो, आणि या केबलची सारी क्षमता त्या पिळावरच अवलंबून असते.

पाइप नसेल, तर केसिंग-कॅपिंगची, म्हणजे भिंतीवर बसवायची झाकण असलेली प्लास्टिकची पोकळ पट्टी वापरावी. ती भिंतीच्या मधोमध न नेता स्कर्टिंगच्या वरच्या कडेने, दाराच्या चौकटीलगत, कपाटामागून किंवा माळ्यावरून न्यावी आणि भिंतीच्याच रंगात रंगवावी. नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर माझा विश्वास नाही. पावसाळ्यात भिंत ओलावली, की ती सुटते. स्क्रूच लावावेत. वीजवाहिनीला समांतर जावे लागले, तर निदान वीतभर अंतर राखावे, आणि ती ओलांडायची झाल्यास काटकोनात ओलांडावी.

खोलीतून खोलीत जाण्यासाठी विटांच्या भिंतीत छिद्र पाडता येते. बीम आणि कॉलम यांना हात लावू नये. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला तारा पुरलेल्या असण्याची शक्यता दाट असते, म्हणून तिथे ड्रिल चालवू नये. कॅट सिक्स ही घरगुती नेटवर्कची नेहमीची केबल सुमारे ६ मिलिमीटर जाडीची असते. टोकाला प्लग न लावता ती ओवली, तर ८ ते १० मिलिमीटरचे छिद्र पुरते. बाहेरच्या भिंतीतले छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते असावे, म्हणजे पाणी आत येत नाही. बंगल्यापासून आवारातल्या दुसऱ्या इमारतीपर्यंत मात्र तांब्याऐवजी फायबर, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणारी काचतंतूंची केबल न्यावी. विजेच्या कडकडाटात या केबलवाटे दोन्हीकडची उपकरणे जळण्याचा धोका त्यामुळे टळतो.

केबल विकत घेताना शुद्ध तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती लवकर तुटते आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल, तर अधिक तापते.

पट्टीचे झाकण बसवण्याआधी दोन्ही टोकांना सॉकेट लावून, आठही तारा नेटवर्क केबलच्या टेस्टरवर तपासाव्यात. मग राउटर आणि संगणक जोडून वेग पाहावा. दोन्ही उपकरणे एक गिगाबिटची असूनही संगणक १०० मेगाबिटच दाखवत असेल, तर बहुधा एखादी तार सॉकेटमध्ये नीट दाबली गेलेली नाही. ते टोक पुन्हा बसवावे, आणि मगच झाकण लावावे.