उष्ट्याच्या हिशेबावर चालणारं वराहपालन

नमस्कार. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची बरीच मंडळी आज ठाण्यात आली आहेत. बहुतेकांच्या मनातलं गणित मला ठाऊक आहे: ठाणे-नवी मुंबईची हॉटेलं रोज अन्न टाकून देतात, डुक्कर काहीही खातं, म्हणजे खाद्य फुकट. या धंद्यात निम्म्याहून खूप जास्त खर्च खाद्यावरच होतो, त्यामुळे हे गणित मोहात पाडतं. लहान फार्म इथेच तरतात आणि इथेच बुडतात, म्हणून आज मुख्यतः त्यावरच बोलतो.

आधी सुरुवातीबद्दल थोडं. पहिल्याच वर्षी पैदाशीसाठी माद्या आणि नर घेऊ नका. मादी 114 दिवसांनी विते, ते मोजायला सोपं आहे; पण व्यायल्यावर पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास ऊब लागते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन लागतं, आणि मादी अंगाखाली पिल्लू चिरडणार नाही अशी आडव्या पाइपांची सोय लागते. यातलं एक चुकलं तरी पिल्लं जातात. त्यापेक्षा दूध तुटलेली, दोन महिन्यांची, 12 ते 15 किलोची दहा पिल्लं आणा. जात लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा तिचा संकर. एप्रिल-मे महिन्यात आणलीत तर नाताळाच्या मागणीला ती विक्रीच्या वजनाला येतात. मात्र शेड पावसाआधी पुरी हवी.

आता उष्ट्याकडे. 50 किलोच्या जनावराला दिवसाला साधारण दोन किलो कोरडं खाद्य लागतं. हॉटेलच्या उरलेल्या अन्नात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. म्हणजे निव्वळ त्यावर जगवायचं तर एका जनावराला 8 ते 10 किलो, दहांना रोज जवळपास 100 किलो. हे रोज आणायचं, सुटीच्या दिवशीही आणायचं. टेम्पोचं भाडं आणि ते उकळायला लागणारं लाकूड धरल्यावर 'फुकट' हा शब्द वहीतून खोडावा लागतो.

शिवाय त्यात भात, पाव, मैदा आणि तेलच जास्त. नुसत्या उष्ट्यावर जनावर सुटतं, पण मांस धरत नाही. पाठीवर चरबी चढते आणि घेणारा भाव पाडतो. म्हणून उष्टं जरा कमी करून दर जनावरी अर्धा किलो जोडखाद्य द्या. दहा जनावरांसाठी रोजचं मिश्रण असं: सोयाबीनची पेंड अडीच किलो, मक्याचा भरडा दीड किलो, तांदळाचा कोंडा 900 ग्रॅम, खनिज मिश्रण 100 ग्रॅम. वरून मीठ घालू नका, उष्ट्यात ते आधीच भरपूर आहे.

मिठाबद्दल थांबून सांगतो, कारण ही चूक पाण्यामुळे होते आणि दोष खाद्याला दिला जातो. खारट खाणं पोटात आणि मोटर बिघडल्यामुळे टाकी दिवसभर कोरडी, असं झालं की जनावर आंधळ्यासारखं चालतं, भिंतीला डोकं टेकतं, गोल फिरतं, झटके येतात. अशा वेळी एकदम बादली पुढे ठेवाल तर मेंदूला सूज येऊन ते मरेल. थोडं थोडं पाणी द्या, तासा-दोन तासांनी, आणि डॉक्टरांना बोलवा. दहा जनावरांना किमान दोन निपल, म्हणजे तोंडाने दाबून पाणी प्यायच्या तोट्या, लावा आणि रोज सकाळी दाबून पाहा.

उकळणं मात्र रोजचंच. 200 लिटरचं पिंप निम्म्याच्या जरा वर भरा, अधूनमधून ढवळा, आणि उकळी फुटल्यावर पूर्ण अर्धा तास मोजा. कडेला बुडबुडे आले म्हणजे मधला भाताचा गोळा तापला असं नव्हे. त्याआधी टूथपिक, काच, प्लास्टिक, टोकदार हाडं वेचून काढा. बुरशी आलेला पाव थेट फेकून द्या. उकळल्यानं विषाणू मरतो, बुरशीचं विष जात नाही. कच्च्या उष्ट्याची बादली आणि शिजलेल्याची बादली वेगवेगळ्या रंगाच्या ठेवा. चुकते ती हीच जागा: अन्न नीट उकळतं, आणि मग कच्च्याच बादलीतून वाढलं जातं.

ही सगळी काळजी आफ्रिकन स्वाइन फिव्हर या विषाणूच्या रोगासाठी. भारतात तो 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत जवळजवळ कळपच्या कळप जातो, आणि आपल्याकडे त्यावर वापरात लस नाही. बाजारात जी स्वाइन फिव्हरची लस मिळते ती वेगळ्या, जुन्या रोगाची. ती जरूर द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. विषाणू सॉसेज, हॅमसारख्या पदार्थांतही टिकतो. म्हणून हॉटेलवाल्याला आधीच सांगा की डुकराच्या मांसाचं उष्टं या डब्यात नको.

शेडमध्ये दर जनावराला एक ते सव्वा चौरस मीटर छताखाली द्या. फरशी सिमेंटची, पण खराट्याने रेघा ओढून खरखरीत. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. उतार 40 ला 1 पुरे. आपल्याकडे पाऊस तिरका येतो, तेव्हा पश्चिमेची पडवी चांगली लांब काढा. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे मे महिन्याच्या दमटपणात दुपारी अंगावर पाणी आणि वाहता वारा, दोन्ही हवेत. सांडपाणी नाल्यात सोडू नका, खड्डा करा. शेजाऱ्यांची तक्रार वासावरूनच सुरू होते. महापालिका हद्दीत लेखी परवानगीशिवाय डुकरं ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, आणि गावात असाल तर विटा आणण्याआधी ग्रामपंचायतीशी बोला.

नवीन जनावर आणलं की 30 दिवस वेगळं ठेवा, त्याचा माणूस आणि त्याच्या चपलाही वेगळ्या. कान-पोट लालसर-जांभळं, तीव्र ताप आणि पटापट मरतूक दिसली तर उरलेली घाईनं विकू नका, मेलेलं जनावर फाडू नका. दार बंद करा आणि 1962 या पशुवैद्यकीय मदतक्रमांकावर फोन लावा.