कुठं गेलतीस?

(विटा एसटी स्टँड. सकाळ.)

सकाळचे साडेनऊ. घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांमधून आलेल्या गाड्या स्टँडला लागतायत. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. तो पास दप्तराला अडकवलेल्या मुली घोळक्यानं शाळेच्या रस्त्याला लागतात. एक मुलगी मागं राहते. फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसते आणि गर्दी पांगली की जुना फोन कानाला लावते.

ती नववीत आहे. तिचं नाव, चेहरा, गाव, काहीच आम्ही दाखवणार नाही. शाळेची तक्रार अशी : दांड्या मारते, उलट बोलते, वर्गातल्या मुलीच्या झिंज्या उपटल्या. घरची तक्रार : आजीच्या पिशवीतले पैसे जातात. गावाचं म्हणणं एका शब्दात आटपतं. बिघडली.

(भट्टी. फोनवरचं चित्रण.)

हे चित्रण तिच्या वडिलांनी कोइमतूरहून पाठवलंय. सावकाश बघा. मुशीत जुने दागिने, वर टाकणखार, खाली धग. सोनं पाण्यासारखं हलायला लागलं की साच्यात ओतायचं. भेसळीची चांदी-तांबं वेगळं काढायचं तर तेजाबात घालायचं. गलाई म्हणतात या धंद्याला. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतली माणसं कित्येक दशकं हेच काम घेऊन देशभर गेली आहेत. पाऊस दगा देत राहिला, जमीन पोट भरेना, तेव्हा एक जण गेला. त्यानं भावाला नेलं, भावानं मेहुण्याला. आज दूरच्या कुठल्या सराफकट्ट्याच्या बोळात शिरलात, तरी विट्याकडची बोली कानावर पडू शकते.

आणि हे त्या पैशाचं गाव, ड्रोनमधून. रंगीत बंगले, वरच्या मजल्यांना कुलपं. खाली म्हातारी माणसं आणि शिकायला ठेवलेली नातवंडं.

ही मुलगी सहावीपर्यंत कोइमतूरलाच वाढली. शाळा इंग्रजी, मैत्रिणी तमिळ, घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. ती वयात आली आणि घरात ठरलं, पोरगी आता गावी आजीपाशी बरी. धाकटा भाऊ तिकडंच राहिला. त्याला पाठवायचा विषयच निघाला नाही, असं तिनं आम्हाला केस विंचरता विंचरता सांगितलं.

अमेरिकेत १९९४ पासून पाच मोठ्या शहरांत एक प्रयोग झाला. गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी घरभाड्याची मदत दिली. पुढं तपासलं, तेव्हा नव्या जागी मुलींची मनं सावरलेली दिसली. मुलग्यांच्या बाबतीत तसं घडलं नाही. आजूबाजूच्या वस्तीचा मुलींवर केवढा परिणाम होतो, ते यात दिसतं. पण तिथं सगळं घर हललं होतं. इथं एकटी मुलगी हलली.

(गल्ली. दुपार.)

किराणा दुकानाचा कट्टा. दारात ज्वारी निवडणाऱ्या बायका.

शिकागोच्या ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ लोकांना संशोधकांनी १९९५ मध्ये काही प्रश्न विचारले होते. त्यातला एक : पोरं शाळा चुकवून कोपऱ्यावर उभी दिसली, तर तुमच्या शेजारचे लोक काही करतील का? जिथं माणसं ‘करतील’ म्हणाली आणि एकमेकांवर भरवसा ठेवून होती, त्या वस्त्यांमध्ये हिंसा कमी होती. गरिबी जमेस धरूनही.

तोच प्रश्न आम्ही या गल्लीत विचारला.

“करतो की! लगेच आज्जीला जाऊन सांगतो.”

सगळ्यांचं उत्तर हेच. कुठल्या वारी ती स्टँडवर होती, अंगात काय होतं, किती वेळ फोनवर हसत होती, गल्लीला सगळं पाठ. मग आम्ही विचारलं, तिच्याशी कोण बोललं?

(कट्ट्यावरचे चेहरे. इथं निवेदन नाही.)

गल्लीनं सांगितलं, की संध्याकाळी आजी उंबऱ्यात. “कुठं गेलतीस?” रात्री कोइमतूरचा फोन, पुन्हा तेच. मग चुलते गाडीवरून शाळेच्या दारात सोडायला लागले. ती पुढून आत जायची आणि मागच्या पडक्या भिंतीवरून बाहेर. आजीला बोल लावायला आम्ही आलेलो नाही. गुडघ्यांनी बेजार झालेल्या या बाईवर लेकानं घर, गुरं, नात आणि घराण्याची अब्रू एवढं सगळं सोपवलंय.

स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या ७०३ मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, तो २००० साली छापून आला. आईबापांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, ते बहुतेक मूल आपणहून सांगतं म्हणून. चौकशा करून, पहारे बसवून हाती फार थोडं लागतं.

(शिवणयंत्र. हात.)

हे शेजारच्या काकूंचं घर. इथं आम्ही मुद्दाम जास्त वेळ थांबलो आहोत.

ब्लाउज मशीनवर शिवून होतो, पण हुक, काजं, हातशिलाई मागं उरते. लग्नसराईत हे काम उरकत नाही. अशाच एका दुपारी, ऐन शाळेच्या वेळेला, मुलगी दारावरून चालली होती. काकूंनी हाक मारली, “ये गं, एवढे हुक लावू लाग.” शाळेचं काढलंच नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

दुहेरी दोरा. हुकाच्या दोन्ही कड्यांतून टाके, मग मानेखाली एक, म्हणजे हुक उचकटत नाही. पहिले दोन-चार वाकडे बसले, ते काकूंनी न बोलता उसवून पुन्हा तिच्या हातात दिले. ती दुसऱ्या दिवशीही आली. नजर सुईवर असली, की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. बोलणं तिथून सुरू झालं.

मराठी बोलता येतं, वाचताना अडखळते. गणित येतं, गणितातला प्रश्न वाचता येत नाही. वर्ग हसतो. झिंज्या उपटल्या त्या यावरून. आजीचे पैसे दुसऱ्या सिमच्या रिचार्जला जायचे. आणि स्टँडवरचा तो फोन कोइमतूरच्या वर्गमैत्रिणीला होता. बोलणं तमिळमध्ये. गल्लीनं त्या पलीकडच्या आवाजाचा मुलगा करून टाकला होता.

काकूंनी हे आधी तिला विचारून मग आजीला सांगितलं, वर्गशिक्षिकेच्या कानावर घातलं. तोवर उशीर झाला होता. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा. नववीत ती नापास झाली, शाळा सुटली. दहावी आता सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. आई जूनमध्ये गावी राहायला आली. भाऊ तिकडंच आहे.

(पडद्यावर नंबर.)

तुमच्या गल्लीत अशी मुलगी असेल आणि घरात तिचं ऐकून घेणारं कुणी नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. फोनला पैसे पडत नाहीत. मुलगी स्वतःही लावू शकते.