निवड होणे, निवड करणे

(मंडळाच्या मेळाव्यात किशोर वाचनगटाच्या वतीने केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. आणि मागच्या रांगांमध्ये बसलेल्या माझ्या वाचनगटातल्या मुलामुलींनो, तुम्हालाही.

आधीच सांगून टाकते, आज मी काही पुस्तकांचे शेवट फोडणार आहे. ज्यांनी 'द हंगर गेम्स', 'डायव्हर्जंट' किंवा 'द गिव्हर' अजून वाचलेलं नाही त्यांची माफी मागते. पण शेवटाला हात न लावता मला जे बोलायचं आहे ते बोलताच येणार नाही.

झालं असं. आमच्या गटात 'द हंगर गेम्स'चा तिसरा भाग वाचून संपला त्या दिवशी एक चौदा वर्षांचा मुलगा पुस्तक मिटून नुसता बसून राहिला. बाकीचे तावातावाने बोलत होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मग पहिल्या भागात कॅटनिस गेली कशाला? प्रिम तर मेलीच ना शेवटी." कॅटनिस ही त्या कथेची नायिका. धाकट्या बहिणीचं, प्रिमचं, नाव मरणाच्या खेळासाठी निघतं तेव्हा ती तिच्या जागी जाते. त्या मुलाचा आवाज चढलेला नव्हता, पण डोळे भरून आले होते. मी त्याला काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न घेऊन मी ही सगळी पुस्तकं पुन्हा वाचली.

इथे बसलेल्या काका-मावशींसाठी थोडक्यात सांगते. या कादंबऱ्यांना डिस्टोपियन म्हणतात. उद्याच्या जगातला एक समाज असतो, वरवर शिस्तीचा, आणि त्या शिस्तीखाली माणसाचा गळा आवळलेला असतो. नायक किंवा नायिका बारा ते अठरा वर्षांची. आणि जवळपास प्रत्येक कथेत एक दिवस असा येतो की सगळ्या गावासमोर त्या मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं.

आता आपल्या भाषेतली एक गंमत बघा. 'निवड' हा शब्द मराठीत दोन्ही बाजूंनी चालतो. 'तिची निवड झाली' म्हटलं की आपण अभिनंदन करतो. 'तिने निवड केली' म्हटलं की विचारतो, कशाची? का? पहिल्या वाक्यात करणारा दिसतच नाही, दुसऱ्यात त्याला लपायला जागा नसते. धान्य निवडतो म्हणतानाही आपण हाच शब्द वापरतो, आणि तिथे काहीतरी बाजूला टाकल्याशिवाय निवडणं होतच नाही. मला वाटतं, या कादंबऱ्यांतली मुलं 'निवड होणे' या क्रियापदाकडून 'निवड करणे' या क्रियापदाकडे जातात, आणि वाटेत काय टाकतात त्यावरून ती कोण आहेत ते आपल्याला कळतं.

लोइस लोरी यांची 'द गिव्हर' 1993 साली आली. तिच्यात बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाला समारंभात काम नेमून दिलं जातं. मुलांना क्रमांक असतात आणि जोनासचा क्रमांक एकोणीस. व्यासपीठावरच्या प्रमुख बाई अठराव्या मुलीचं नाव घेतात आणि पुढे थेट विसाव्याचं. जोनास खुर्चीत बसून आपलं काय चुकलं ते आठवत राहतो. सगळे संपल्यावर बाई सांगतात की जोनासला काम नेमलेलं नाही, त्याची निवड झालेली आहे. सगळा समाज त्याच्या नावाचा घोष करतो. एवढा मोठा मान, आणि त्या मुलाला कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही! त्याने आता पूर्वीच्या सगळ्या मानवजातीच्या आठवणी आपल्या अंगावर घ्यायच्या: युद्ध, भूक, हाडं मोडल्याच्या वेदना. कारण बाकीच्यांना त्या नको आहेत. जोनासकडे मी शेवटी परत येणार आहे.

व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट'मध्ये (2011) उलटं दिसतं. तिथे सोळाव्या वर्षी मुलं खरोखरच निवड करतात. पाच गट, पाच मोठी भांडी. तळहातावर सुरीने चीर द्यायची आणि रक्ताचा थेंब आपल्याला हव्या त्या भांड्यात पाडायचा. बिआट्रिस ज्या निःस्वार्थी गटात वाढली त्याच्या भांड्यात दगड आहेत, निडरांच्या भांड्यात निखारे. तिचा भाऊ केलेब तिच्या आधी जातो आणि सगळ्यांना धक्का देत ज्ञानाला सर्वस्व मानणाऱ्या गटाचं पाणी निवडतो. मग ती. हात मधोमध धरून ती थांबते, आणि पुढच्या क्षणी निखाऱ्यावर रक्त चुरचुरतं. पुढे नव्या गटाच्या दारात तिला नाव विचारतात तेव्हा ती अडखळते. फोर नावाचा मुलगा तिला सांगतो, नीट विचार कर, पुन्हा निवडता येणार नाही. ती म्हणते, ट्रिस.

आपल्या मुलांपैकी कितीतरी जणांचं घरातलं नाव वेगळं आणि वर्गातलं वेगळं आहे. हे पान आमच्या गटात इतक्या शांतपणे का ऐकलं गेलं ते मला वेगळं सांगायला नको.

पण या निवडीत एक फसवणूक आहे. पाचातलं एक घ्या, हे ज्याने ठरवलं त्याला कुणी काही विचारत नाही. शूर व्हायचं तर दयाळूपणा सोडा, असा त्या भांड्यांचा हिशेब आहे. आणि ट्रिसच्या तीन पुस्तकांतून हा हिशेब चुकत जातो. 2013 च्या शेवटच्या भागात मरणाची खात्री असलेल्या कामगिरीवर खरं तर केलेबने जायचं असतं. त्याने तिचा घात केलेला आहे. तरी ती त्याच्या जागी जाते आणि तिथेच मरते. म्हणजे सोळाव्या वर्षी ज्या दगडांकडे तिने पाठ फिरवली, त्यांची शिकवण तिच्यात शाबूत होती. निखारे निवडल्याने दगड पुसले गेले नाहीत.

आता कॅटनिस. हिच्यासाठी मला जास्त वेळ लागणार आहे.

सुझान कॉलिन्स यांचं पहिलं पुस्तक 2008 चं. पॅनेम नावाचं राज्य, बारा जिल्हे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून न्यायची. चोवीस जण एकमेकांना मारतात, एक उरतो, आणि सगळ्यांनी ते पडद्यावर बघायचं. चिठ्ठी म्हटली की आपल्याला नशीब आठवतं. पण त्या काचेच्या भांड्यात नशीब किती आहे ते तपासा. घरात धान्य आणि तेल जास्त हवं असेल तर आपल्या नावाच्या जास्त चिठ्ठ्या टाकायच्या, असा नियम आहे. त्यामुळे सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या वीस चिठ्ठ्या आहेत, तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या, बेचाळीस. ज्याचं पोट रिकामं त्याचं नाव जास्त. याला नशीब म्हणणं ही त्या राज्याची सोय आहे. आणि बारा वर्षांच्या प्रिमची मात्र एकच चिठ्ठी, कारण बहिणीने तिला जास्तीचं नाव टाकूच दिलेलं नाही. तीच निघते.

प्रिम पुढे चालू लागते तेव्हा तिचा ब्लाउज मागून सुटलेला असतो, बदकाच्या शेपटीसारखा. सकाळीच कॅटनिसने तिला तो खोचायला सांगितलं होतं. ती सुटलेली शेपटी दिसते आणि थिजलेली कॅटनिस भानावर येते. तिच्या जागी मी जाते, असं ती ओरडते. तिथे अन्याय, क्रांती असा कुठलाच विचार तिच्या मनात नाही. फक्त एक न खोचलेला ब्लाउज.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. एकचक्रा नगरी आठवा. बकासुराकडे दर वेळी एका घरातून गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस जायचा. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते त्याची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि सगळ्यात धाकटा, नीट बोलताही न येणारा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो, याने मी राक्षसाला मारतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला भीम आवडायचा. आता त्या घरातली माणसं जास्त आठवतात. त्यांच्यातला प्रत्येक जण स्वतःला निवडतो आहे, पण पाळी हीच गोष्ट चूक आहे असं मोठ्यांपैकी कुणी म्हणत नाही. गवताची काडी घेतलेलं ते पोर तेवढं म्हणतं.

कॅटनिसचं पहिलं पाऊल त्या मुलीसारखं आहे. मी जाते. थोर आहे, पण पाळी चालूच राहते. गवताची काडी तिच्या हातात येते ती पुस्तकाच्या शेवटी. आधी खेळाचे चालक जाहीर करतात की एकाच जिल्ह्याचे दोघे जिंकू शकतील. मग ती आणि तिच्याच जिल्ह्याचा मुलगा पीटा दोघेच उरल्यावर तो नियम मागे घेतात. म्हणजे पर्याय दोनच: मार किंवा मर. ती कमरेच्या थैलीतून विषारी बोरं काढते. दोघांनी एकदम खायची. विजेताच उरणार नसेल तर खेळ कसला? चालक घाबरून दोघांनाही विजयी घोषित करतात.

पुढच्या भागांत प्रत्येक जण त्या बोरांचा आपापला अर्थ लावतो. कुणाला ते प्रेम वाटतं, कुणाला बंड. राष्ट्राध्यक्ष तिला धमकावतो की ते प्रेमच होतं असं सगळ्यांना पटवून दे. आणि ती स्वतः? तिला सांगता येत नाही. मला हा भाग फार खरा वाटतो. कृती आपण करतो आणि तिचं नाव दुसरेच ठेवतात, आणि मग त्या नावाशी झगडत आपण कोण ते शोधायचं. सोळाव्या वर्षी हे किती जड जात असेल!

इथे मला एका छोट्या दृश्यापाशी थांबायचं आहे. कॅटनिस व्यासपीठावर येते तेव्हा टाळ्या वाजवा म्हणून सांगितलं जातं. कुणीच वाजवत नाही. मग एक जण, आणि हळूहळू जवळपास सगळी गर्दी, डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे उंचावते. जवळच्या माणसाला निरोप देण्याची त्यांची जुनी खूण. त्या लोकांच्या हातात दुसरं काहीही नव्हतं. टाळी न वाजवणं एवढंच होतं. हीच तीन बोटं 2014 च्या लष्करी उठावानंतर थायलंडच्या रस्त्यांवर उंचावली गेली, आणि 2021 मध्ये म्यानमारमध्ये. कादंबरी वाचून काय होतं असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

आता त्या मुलाचा प्रश्न.

तिसऱ्या भागात, युद्धाच्या अगदी शेवटी, राजधानी कॅपिटॉलमधल्या लहान मुलांवर बॉम्ब पडतात. जखमींना उचलायला वैद्यकीय पथक धावतं आणि त्यात कॅटनिसला प्रिम दिसते. अजून चौदाही पूर्ण नाहीत. एका रडणाऱ्या मुलावर घालायला ती अंगातला कोट काढते, आणि मागून तिचा सदरा सुटलेला दिसतो. तीच बदकाची शेपटी. पुढच्या क्षणी उरलेले बॉम्ब फुटतात.

लेखिकेने ही शेपटी दुसऱ्यांदा उगाच आणलेली नाही. पहिल्यांदा प्रिम चालत होती कारण तिचं नाव निघालं होतं. या वेळी ती धावत आली. मधल्या जेमतेम दीड-दोन वर्षांत ती शुश्रूषा शिकली, तिला डॉक्टर करायचं ठरलं होतं. आणि ज्या मुलावर तिने कोट घातला ते शत्रूच्या शहरातलं होतं. कॅटनिसने तिला मरणातून कायमचं सोडवलं नाही, ते कुणालाच जमत नाही. पण चिठ्ठी निघालेली एक मुलगी स्वतःहून कुणासाठी तरी थांबेल एवढी मोठी झाली, ती बहिणीने मिळवून दिलेल्या त्या वेळात. मी त्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "हे तुमचं म्हणणं झालं. कॅटनिसला हे पटलं असतं का?" मला वाटतं, नसतं पटलं. ती तर पुढच्याच प्रकरणांत शत्रूच्या मुलांना घेऊन आणखी एकदा खेळ भरवायच्या ठरावावर 'हो' म्हणते, प्रिमच्या नावाने. ते मत मला अजून खुपतं. तिने ते मनापासून दिलं की नव्या सत्ताधारी बाईला बेसावध ठेवण्यासाठी, यावर आमच्या गटात एकमत झालेलं नाही. त्यानंतर तिचा बाण त्याच बाईवर सुटतो.

काही पालक मला विचारतात, इतकं काळोखं मुलांना कशाला द्यायचं? ताई-दादांनो, या वयात विषय, वेळ, मित्र, पुष्कळसं दुसऱ्यांनीच ठरवलेलं असतं. त्यांना ते जाणवतं. हे जाणवणं खोटं नाही असं सांगणारं कुणीतरी हवं असतं.

आणि आता जोनास. त्याच्या घरी गॅब्रिएल नावाचं एक तान्हं बाळ तात्पुरतं ठेवलेलं आहे. ते रात्री नीट झोपत नाही. त्या समाजात जे बाळ नियमात बसत नाही त्याला 'मुक्त' करतात, आणि मुक्त करणं म्हणजे काय ते जोनासने पाहिलेलं आहे: स्वतःचा बाप, त्याच्या हातातली सुई, जुळ्यांतलं वजनाने कमी असलेलं बाळ. आठवणी देणारा म्हातारा आणि तो मिळून पळून जायची नीट योजना आखतात. दोन आठवडे आहेत. तेवढ्यात म्हातारा त्याला धैर्याच्या जितक्या जमतील तितक्या आठवणी देणार आहे. पण एका संध्याकाळी जेवताना बाप सहज म्हणतो, गॅब्रिएलला उद्या सकाळी मुक्त करणार.

जोनास त्याच रात्री निघतो. धैर्याच्या आठवणी मिळायच्या राहूनच जातात. उरलंसुरलं अन्न उचलतो, जो तिथे मोठा गुन्हा आहे. आणि स्वतःची सायकल सोडून बापाची घेतो, कारण तिला मागे लहान मुलाला बसवायची बैठक आहे.

शेवटच्या पानावर बर्फातून घसरत जाताना त्याला खाली दिवे दिसतात आणि गाणं ऐकू येतं. तो पोहोचतो की थंडीने गोठून जातो? आमच्या गटात यावरून सरळ दोन तट आहेत आणि गेले दोन आठवडे समेट नाही. पुढच्या बैठकीत हाच एक विषय ठेवला आहे. पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळींत संपतं. मोठ्यांनीही वाचून यावं आणि एक बाजू घ्यावी. नंतरचे भाग वाचलेल्यांनी मात्र त्या दिवशी कृपा करून गप्प बसावं.

नमस्कार.