प्लॉटवर माती किती उरली?

[दृश्य: विलेपार्ले पूर्व, सकाळ. कॅमेरा गल्लीतून चालत पुढे जातो, दोन्ही बाजूला हिरवी जाळी]

हा पार्ल्याचा पूर्व भाग. आता जी हिरवी जाळी दिसतेय ना, तिच्या आत मागच्या वर्षीपर्यंत तीन मजल्यांची सोसायटी होती, मागे अंगण, अंगणात दोन माड, एक फणस, एक शेवगा आणि कोपऱ्यात सोनचाफा. गल्लीत पुढे गेलात की तीच जाळी परत, आणि मग परत. रिडेव्हलपमेंट सगळीकडे चालूच आहे आणि ते व्हायलाच हवं, कारण या बिल्डिंग जुन्या झाल्यात, स्लॅब पडतात, लिफ्ट नाही, वयस्कर माणसं तिसऱ्या मजल्यावर अडकून बसतात. त्याबद्दल वादच नाही. आम्ही बघायला गेलो ते एवढंच की नवीन घर बांधताना झाडाचं आणि मातीचं काय करायचं हे नियमात कुठे लिहिलंय, आणि ते लिहिलेलं जमिनीवर उतरेपर्यंत काय होतं.

[दृश्य: आंब्याचा बुंधा, क्लोजअप]

हा आंबा बघा. बुंध्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलाय, १४. त्याच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद खिळ्याने ठोकलाय, पावसाने पिशवीत पाणी शिरलंय तरी वाचता येतो. ही झाडाची नोटीस. १९७५ पासून आपल्याकडे कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, आणि त्याच्यामुळे शहरात स्वतःच्या जागेतलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. बिल्डरने अर्ज करायचा, उद्यान खात्याची माणसं येऊन झाडं मोजणार, मग तीन याद्या होतात, कापायची, पुनर्रोपण करायची आणि ठेवायची. मग हा कागद लागतो, पेपरात जाहिरात येते, आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर सात दिवस. या गल्लीत आम्ही ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी कागद पाहिला होता, पण हरकत आपणही घेऊ शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. घेऊ शकतो. कुणीही.

[दृश्य: टेपने बुंध्याचा घेर मोजताना]

आता हा टेप कशासाठी ते सांगते. २०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे हेरिटेज झाड, आणि दुसरं म्हणजे झाड कापलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची. पूर्वी असं वयाशी बांधलेलं नव्हतं. मग वय कसं काढायचं? छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा आणि त्या जातीचं झाड किती वेगाने वाढतं त्यावरून हिशोब करायचा. म्हणजे चाळीस वर्षांचा आंबा गेला तर चाळीस रोपं, तीही बोटभर नाहीत, सहा ते आठ फूट उंचीची, जिओटॅग केलेली, आणि सात वर्षं सांभाळायची जबाबदारी. वाचायला खूप चांगलं वाटतं आणि खरंच चांगली दुरुस्ती आहे ती. पण चाळीस झाडं लावायची कुठे? या प्लॉटवर तर नाहीच मावणार. मग ती जातात दुसरीकडे, जिथे जागा असेल तिथे, आणि ज्या गल्लीतली सावली गेली त्या गल्लीला त्यातलं काही मिळत नाही.

[दृश्य: क्रेन, गोणपाटात गुंडाळलेला मुळांचा गोळा, फांद्या छाटलेलं झाड हवेत]

हे पुनर्रोपण. याचं शूटिंग आम्हाला पूर्ण मिळालं म्हणून जरा नीट बघूया. झाडाच्या भोवती गोल चर खणतात, पण एकदम नाही, एका बाजूची मुळं कापायची, मग काही आठवडे थांबायचं, तिथे नवीन बारीक मुळं फुटू द्यायची, मग दुसरी बाजू. मुळांच्या गोळ्यात माती घट्ट राहावी म्हणून गोणपाट आणि सुतळी. फांद्या छाटतात कारण मुळं कमी झाल्यावर एवढ्या पानांना पाणी पुरवणार कोण. बघा हे काका गोळ्याखालून हात घालून सुतळी ओढतायत, मातीत जुन्या कौलाचा तुकडा दिसतोय, बांगडीची काच दिसतेय. हे सगळं नीट केलं, योग्य मोसमात केलं, नंतर दोन वर्षं पाणी घातलं तर झाड जगतं. पण साइटवर थांबायला वेळ कुणाकडे असतो? मशीन भाड्याने आलेली असते, बाहेर राहायला गेलेल्या रहिवाशांचं दर महिन्याचं भाडं बिल्डरला चालू असतं, आणि आठवडे थांबायचं काम एका दुपारीत उरकतात. मेट्रो-३ साठी हलवलेली आरेतली किती झाडं वाळून गेली ते मुंबईने पाहिलंय.

[दृश्य: माळीकाकांचा बाइट, साधारण चाळीस सेकंद, मध्ये कापू नये]

[दृश्य: साइटवर खोल खड्डा, वरून ड्रोन]

आता मूळ मुद्दा. हा खड्डा बघा, एका कंपाऊंडपासून दुसऱ्या कंपाऊंडच्या जवळपर्यंत. हे बेसमेंट. फ्लॅटच्या आकारानुसार किती गाड्यांची जागा द्यायची ते नियमात ठरलेलं आहे, गाड्या खाली गेल्या की वर जागा सुटते असं आपल्याला वाटतं, पण खाली पार्किंग आलं म्हणजे वरची जमीन ही जमीन राहत नाही, ती स्लॅब होते. वर दोन-तीन फूट माती टाकली तरी खाली काँक्रीटच. पावसाचं पाणी खाली मुरणार नाही आणि वडापिंपळाचं मूळ तर सोडाच, आंब्याचं मूळसुद्धा जाणार नाही. शिवाय बिल्डिंगच्या बाजूने फायर ब्रिगेडची गाडी फिरायला हवी, सहा मीटरचा कडक रस्ता, गाडीचं वजन पेलेल असा, आणि तो हवाच, त्यात तडजोड नको. पण मग जे उरतं ते मोजून बघा.

आणि छोट्या प्लॉटचं तर वेगळंच आहे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीपासून चालत आलेली टक्केवारी अशी, प्लॉट १,००० चौरस मीटरच्या वर असेल तरच मोकळी जागा ठेवायची सक्ती. २,५०० पर्यंत १५ टक्के, त्यापुढे १०,००० पर्यंत २० टक्के आणि त्याच्याही वर २५ टक्के. याला पूर्वी सगळे आरजी, म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड म्हणायचे, आता कागदावर एलओएस, लेआउट ओपन स्पेस. पार्ल्यातल्या अशा गल्ल्यांमध्ये प्लॉट सातशे-आठशे मीटरचे, म्हणजे आरजीचा प्रश्नच येत नाही. तिथे लागू होतं ते एवढंच, दर ८० चौरस मीटरला एक झाड. ७५० मीटरच्या प्लॉटवर नऊ झाडं. नऊ झाडं कुठे लावायची? तर कंपाऊंडच्या भिंतीला लागून, दीड-दोन फुटांच्या पट्टीत. आणि बाजूची मोकळी जागा कमी पडली तर प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून सवलत मिळते.

[दृश्य: पूर्व उपनगरातला टॉवर, लिफ्टने पोडियमवर, दार उघडताच लॉन]

आता मोठ्या प्लॉटवर येऊ. हे पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावरची बाग. छान दिसतंय, खोटं कशाला बोलू, मुलं खेळतायत, जॉगिंग ट्रॅक आहे, आजीआजोबांना बसायला बाक आहेत. पण कॅमेरा जरा खाली नेऊया. या लॉनच्या खाली चार मजले गाड्या आहेत.

[दृश्य: बांधकाम चालू असलेलं दुसरं पोडियम, थर लावताना]

हे कसं करतात ते बघण्यासारखं आहे. आधी स्लॅब, त्याला उतार, त्याच्यावर वॉटरप्रूफिंग. मग काळ्या प्लास्टिकचा खड्ड्याखड्ड्यांचा ड्रेन बोर्ड, त्यातून पाणी वाहून जातं. त्याच्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे माती खाली उतरून पाइप तुंबू नयेत. मग माती, पण ही आपली साधी माती नाही, वजन कमी पाहिजे म्हणून लाल मातीत कोकोपीट आणि परलाइट मिसळतात, हातात घेतली तर हलकी लागते, मूठ दाबली की लगेच सुटते. यात चाफा लागतो, पाम लागतात, कुंपणाची झुडपं लागतात. मोठं होणारं झाड लावायला माळीच नको म्हणतात कारण मूळ वॉटरप्रूफिंगमध्ये घुसलं की खालच्या पार्किंगमध्ये गळती, मग सोसायटीची मीटिंग, मग झाड काढा. ओसीच्या, म्हणजे राहायला जायच्या दाखल्याच्या आधी उद्यान खात्याचं एनओसी, म्हणजे ना-हरकत, लागतं तेव्हा झाडं मोजली जातात. पुढे पाच वर्षांनी त्यातली किती आहेत?

या पोडियमवरून मुंबईत मोठी कोर्टाची लढाई झालेली आहे आणि ती प्रत्येक फ्लॅटधारकाला माहीत असायला हवी. बिल्डर म्हणायचे की आरजी पोडियमवर दिली की झालं. मुंबई महापालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल हा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कोर्टाने स्वच्छ सांगितलं की ही १५, २०, २५ टक्के जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर काय करायचं ते त्याच्या वर, जास्तीचं. आम्हाला हा निकाल फार मोलाचा वाटतो. मोकळी जागा ही शोभेची वस्तू नाही, माणसाच्या जगण्याचा भाग आहे, हे त्याने धरून ठेवलं.

मग २०१८ मध्ये नवीन नियमावली आली, डीसीपीआर २०३४, आणि त्यातली जमिनीवर किती हवी तो आकडा बदलला. त्यात काय आहे ते सावकाश ऐका. जेवढी एलओएस लागते तिच्या किमान ६० टक्के जमिनीच्या पातळीवर, आणि त्या ६० टक्क्यांच्या किमान अर्धी मदर अर्थवर, म्हणजे खाली बेसमेंट नाही, वर पेव्हर नाही, खरी माती. बाकीची ४० टक्के पोडियमवर चालेल.

[दृश्य: ग्राफिक, प्लॉटचा चौकोन, हिरवा भाग हळूहळू आक्रसत जातो]

समजा ४,००० चौरस मीटरचा प्लॉट आहे, साधारण एक एकर. २० टक्के एलओएस, ८०० मीटर. त्यातली जमिनीवर ४८०. त्यातली मदर अर्थ २४०. चार हजारात दोनशे चाळीस. सहा टक्के. एवढ्या मातीत अख्ख्या टॉवरची सगळी मोठी झाडं, सगळं मुरणारं पाणी, सगळं आलं. हा किमान आकडा आहे, जास्त ठेवायला कुणी अडवलेलं नाही, पण आम्ही जे प्लॅन पाहिले त्यात हा किमान आकडाच असतो.

उन्हाळ्यात गल्ल्या तापणं आणि पावसात पाणी तुंबणं हे याच्याशी जोडलेलं आहेच, ते आपण सगळे भोगतोच आहोत.

[दृश्य: रस्त्याकडेचं झाड, बुंध्यापर्यंत काँक्रीट]

एक गोष्ट मात्र खर्चाची नाही आणि लगेच करता येते. हा पर्जन्यवृक्ष बघा, काँक्रीट बुंध्याला चिकटलंय, खोड फुगून कडेवर चढलंय. २०१३ मध्ये दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मुंबईतही ठिकठिकाणी काढलं जातं आणि नवीन रस्ता झाला की परत भरलं जातं.

[दृश्य: सोसायटीचं ऑफिस, संध्याकाळ, टेबलावर ड्रॉइंग पसरलेलं]

ही मीटिंग आम्हाला शूट करू दिली त्याबद्दल त्या सोसायटीचे आभार. दोन शेजारच्या सोसायट्या एकत्र येऊन रिडेव्हलपमेंट करतायत. प्लॉट वेगवेगळे असते तर दोन्ही १,००० च्या खाली, आरजी शून्य. एकत्र केल्यावर झाला १,३०० चौरस मीटर, म्हणजे १५ टक्के लागू, १९५ मीटर एलओएस. कमिटीतल्या काकूंनी आर्किटेक्टला सरळ विचारलं की यातली मदर अर्थ किती आणि ती कुठे दाखवलीय. नियमाने ५८ मीटरच्या थोडी वर बसते. ती प्लॅनमध्ये मागच्या कोपऱ्यात चार ठिकाणी तुकड्यातुकड्यात दाखवलेली होती.

बघा, आर्किटेक्ट पेन्सिलने काय करतोय. तुकडे एकत्र आणून आंब्याच्या भोवती घेतले. मग बेसमेंटची रेघ आत सरकवावी लागली, रॅम्पची दिशा बदलली, तीन गाड्यांची जागा गेली. यावर वीस मिनिटं वाद झाला, तो आम्ही ठेवलाय, ऐका. ज्यांच्या गाड्या दोन आहेत ते अर्थातच नाराज होते आणि त्यांचंही म्हणणं खोटं नाही. शेवटी स्टॅक पार्किंगवर, म्हणजे एका गाडीवर दुसरी गाडी, असा तोडगा निघाला.

हे सगळं होऊ शकलं कारण प्लॅन अजून महापालिकेत गेलेला नाही, आयओडी, म्हणजे प्लॅनची पहिली मंजुरी, व्हायचीय. एकदा आयओडी आणि सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, आली, खड्डा खणला, की मग झाडावर नोटीस लागते तेव्हा बोलण्यासारखं फार थोडं शिल्लक राहतं. आधीच मंजूर झालेले प्रोजेक्ट असतील तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर मंजूर लेआउट असतो, तो उघडून एलओएसचा तक्ता बघता येतो, आणि झाडाची हरकत वॉर्डाच्या उद्यान खात्यात लेखी देऊन पोच घ्यायची.

इथे आंबा राहतोय. फणसाचं अजून ठरलेलं नाही, तो रॅम्पच्या नवीन तोंडावर येतो आणि आर्किटेक्टने अजून एक पर्याय काढून आणायला पंधरा दिवस मागितलेत.