मांजर का घुरघुरतं?

मांजराच्या गळ्याशी हलकेच बोटं टेकवा. श्वास आत घेतानाही थरथर, बाहेर सोडतानाही थरथर.

ही घुरघुर स्वरयंत्रातून निघते. तिथले स्नायू सेकंदाला २५-३० वेळा आवळतात नि सैल होतात, असं अनेक वर्षं मानलं गेलं. २०२३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या ख्रिश्चन हर्ब्स्ट यांच्या चमूने मृत मांजरांच्या ८ स्वरयंत्रांतून नुसती उबदार, दमट हवा सोडली. मेंदूचा कसलाही हुकूम नसताना त्यांतून तोच खोल आवाज आला! स्वरपडद्यांमधल्या जाडसर गाद्यांमुळे कंपनं इतकी संथ होत असावीत. जिवंत मांजरात स्नायूंचा वाटा किती, यावर मात्र संशोधकांचं एकमत नाही.

पिल्लं जन्मतात ती डोळे मिटलेली, कान बंद असलेली. आईची थरथर मात्र त्यांना अंगाला जाणवते. थोड्याच दिवसांत तीही दूध पिता पिता घुरघुरू लागतात.

म्हणजे घुरघुर म्हणजे सुख? नेहमीच नाही. जखमी मांजर घुरघुरतं. वेणा सोसणारी मांजरी घुरघुरते. अखेरच्या घटका मोजणारं मांजरही घुरघुरतं. दुखत असताना शरीर या आवाजावर शक्ती का खर्च करतं? मला या विषयातला सर्वांत विलक्षण प्रश्न हाच वाटतो.

एक उत्तर हाडांकडे बोट दाखवतं. २००१ मध्ये संशोधक क्लिंटन रुबिन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ३० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ३० वेळा होणारी, अगदी सौम्य कंपनं, एका वेळी २० मिनिटं, वर्षभर. मांडीच्या हाडाच्या जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली. मांजराची घुरघुर याच पट्ट्यात येते. तासन्‌तास पडून राहणाऱ्या या प्राण्याची हाडं ती आतून मजबूत ठेवत असेल का? तर्क मोहक आहे, पण मांजरांमध्ये तो अजून सिद्ध झालेला नाही.

माणसांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ४,४३५ जणांच्या पाहणीत मांजर पाळलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू कमी आढळले. त्याचं श्रेय घुरघुरीला द्यावं, असं मात्र त्यातून ठरत नाही.

त्यामुळे या आवाजावर उपचार म्हणून विसंबू नका. मांजर घुरघुरतंय, पण खात नाही, कोपऱ्यात दडून बसतंय, हात लावला की अंग चोरतंय, तर त्याला लगेच पशुवैद्यांकडे न्या.