मणी आणि मिऱ्याचं पाणी

(दृश्य : बुचाचा पातळ काप. काळ्या पार्श्वभूमीवर जाळीदार नक्षी.)

बाटलीचं साधं बूच. लंडनच्या रॉबर्ट हूकनं धारदार चाकूनं त्याचा पातळात पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दिसली ती भिंतींनी विभागलेली रिकामी घरं. या घरांना त्यानं ‘सेल’ म्हटलं, आपण पेशी म्हणतो. गडी हिशोबी होता. एका घन इंचात अशी किती घरं मावतील याचं गणित त्यानं मांडलं, तर उत्तर आलं १२५ कोटींहून अधिक. आपल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसेना.

१६६५ साली हे सगळं त्याच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात छापून आलं. घडी उलगडून पाहावं लागणारं पिसवेचं भलंमोठं चित्र त्यातलंच. लोक चित्रांवर खूश झाले. प्रस्तावना कितीजणांनी नीट वाचली असेल, देव जाणे. पण आपल्याला प्रस्तावनेतच थांबायचंय.

(दृश्य : दिव्याच्या ज्योतीत वितळणारी काच.)

हूकचा सूक्ष्मदर्शक दोन-तीन भिंगांचा. त्या काळी भिंगं वाढली की प्रतिमा मोठी व्हायची, पण धूसरही व्हायची, कडांना रंग फुटायचे. हूकला हे ठाऊक होतं. म्हणून प्रस्तावनेत त्यानं दुसरा मार्गही लिहून ठेवला. स्वच्छ व्हेनिशियन काच ज्योतीत धरून तिची केसासारखी तार ओढायची. तारेचं टोक पुन्हा ज्योतीत धरलं की वितळून त्याचा गोल मणी होतो. मणी घासून, चमकवून धातूच्या पत्र्यातल्या बारीक छिद्रावर बसवायचा. एकच भिंग, पण प्रतिमा जास्त मोठी आणि जास्त स्वच्छ. मग हूकनं स्वतः हेच का वापरलं नाही? डोळ्यांना त्रास होतो म्हणून. युक्ती लिहून दिली आणि तो आपल्या मोठ्या यंत्राकडे परतला.

(दृश्य : डेल्फ्ट शहराचा कालवा.)

नेदरलँड्समधलं डेल्फ्ट. इथे आंतोनी व्हान लेवेनहॉक कापडाचा व्यापार करायचा. विद्यापीठाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, डच सोडून दुसरी भाषा येत नव्हती. १६६८ च्या सुमारास तो इंग्लंडला जाऊन आला आणि १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या विज्ञान मंडळाला, त्याची पत्रं येऊ लागली. त्याचं यंत्र बोटभर लांबीचं: दोन पत्रे, मधे इवलंसं भिंग, नमुना टोचायला सुई, पुढेमागे करायला स्क्रू. ते अगदी डोळ्याला चिकटवून उजेडाकडे बघायचं. अशी शेकडो यंत्रं त्यानं बनवली. पण सगळ्यांत चांगली भिंगं तो कशी करतो, हे त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

त्याचं गुपित फुटलं थेट २०२१ साली, तेही डेल्फ्टमध्येच. उट्रेक्टच्या संग्रहालयातलं त्याचं यंत्र सुमारे २७० पट मोठं दाखवतं. ते उघडायचं तर मोडण्याची भीती. म्हणून संशोधकांनी धातूच्या आरपार जाणाऱ्या न्यूट्रॉनच्या झोतानं आतलं भिंग तपासलं. आत होता मणी, मागे तुटलेल्या तारेची खूण असलेला. म्हणजे पद्धत बहुधा हूकचीच. गुप्त म्हणून जपलेली गोष्ट एका छापील पुस्तकात आधीच होती!

(दृश्य : बशीत भिजलेले मिऱ्याचे दाणे.)

आता मिऱ्याची गोष्ट. मिरी तिखट का लागते, हे लेवेनहॉकला शोधायचं होतं. दाण्याला टोकदार काटे असतील अशी त्याची अटकळ. म्हणून त्यानं मिरे पाण्यात भिजत घातले. काटे सापडले नाहीत. सापडले असंख्य वळवळणारे जीव, त्यांत आज आपण ज्यांना जिवाणू म्हणतो तेही. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्यानं हे लंडनला कळवलं. विश्वास कोण ठेवणार? लेवेनहॉकनं डेल्फ्टमधल्या धर्मोपदेशकांसह आठ जणांच्या साक्षी पाठवल्या. सोसायटीनं पडताळणी हूकवर सोपवली. सुरुवातीला काहीच दिसेना. अखेर १५ नोव्हेंबर १६७७ रोजी हूकनं सभासदांना मिऱ्याच्या पाण्यातले हलणारे जीव दाखवले. एवढं होऊनही १६९० च्या दशकात हूकला खंत करावी लागली, की सूक्ष्मदर्शकाचा भक्त आता जवळजवळ एकटा लेवेनहॉकच उरलाय.

हूकनं बुचात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. लेवेनहॉकनं पाहिल्या त्या जिवंत, पोहणाऱ्या पेशी. दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्यासाठी दीडशेहून अधिक वर्षं लागली, आणि रंगांचा दोष घालवलेली भिंगंही.

(दृश्य : जुन्या बर्लिनचं रेखाचित्र.)

१८३० च्या दशकाची अखेर. बर्लिनमध्ये माथियास श्लायडेन आणि थिओडोर श्वान जेवायला बसले होते. श्लायडेन वनस्पतींचा अभ्यासक. वनस्पतींच्या पेशीत केंद्रक, म्हणजे आतला गोलसर गाभा, असतं आणि ते महत्त्वाचं असतं, असं तो सांगत होता. श्वानला आठवलं, प्राण्यांच्या पृष्ठरज्जूत, म्हणजे पाठीला आधार देणाऱ्या लवचीक दांड्यात, अगदी असंच काही आपण पाहिलंय. दोघं उठून तडक श्वानच्या प्रयोगशाळेत गेले. श्वाननं नमुना दाखवला आणि श्लायडेननं केंद्रकं लगेच ओळखली. १८३९ मध्ये श्वानचं पुस्तक आलं: झाड असो की जनावर, दोन्ही पेशींचीच बनलेली.